ड्रम ब्लेंडर घ्यावा की डबल कोन? शेवटच्या गोण्या फिक्या येतात

सांधेवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

आम्ही फरशीच्या सांध्यात भरायची रंगीत ग्राउट पावडर बनवतो. पांढरं सिमेंट, बारीक वाळू, डोलोमाइट, थोडी पॉलिमर पावडर आणि आयर्न ऑक्साइडचा रंग. सगळं कोरडं. मिक्सिंगला ३०० लिटरचा आडवा ड्रम ब्लेंडर आहे, व्यास ६५ सेंटिमीटर, लांबी साधारण ९०. आत पाती वगैरे काही नाही, गुळगुळीत.

तक्रार अशी, की एकाच घाण्यातल्या पहिल्या गोण्या गडद येतात आणि शेवटच्या चार-पाच फिक्या आणि हाताला खरखरीत लागतात. आधी १० मिनिटं फिरवायचो, मग २०, मग ४०. फरक शून्य. कुणीतरी सांगितलं वेग कमी पडतोय, म्हणून पुली बदलून मिनिटाला २८ चे ४५ फेरे केले. आणखी बिघडलं.

आता १००० लिटरचं नवीन मशीन घ्यायचं मनात आहे. ड्रमच घ्यावा, की डबल कोन (रुंद बाजूंनी जोडलेल्या दोन शंकूंचं भांडं), व्ही आकाराचा, रिबन? प्रत्येक विक्रेता आपलंच घोडं पुढे दामटतोय. वापरणाऱ्यांनी सांगा.

तिरकस
आयडी वाचून वाटलं गुडघेदुखीचा धागा आहे. औषध घेऊन आलो होतो, परत जातो.

रिबनप्रेमी
डोळे झाकून रिबन ब्लेंडर घ्या. ड्रममध्ये माल नुसता लोळतो. रिबनमध्ये बाहेरची पट्टी एका दिशेला ढकलते, आतली उलट्या दिशेला, मालाला गप्प बसायची सोयच नाही. ड्रम म्हणजे जुना जमाना.

निवृत्त_फोरमन
रिबनप्रेमी, थांबा जरा. रोग्याची नाडी न बघता तुम्ही थेट ऑपरेशनला निघालात.

सांधेवाला, चार गोष्टी सांगा. एका वेळी किती किलो टाकता? कोणत्या क्रमाने आणि कुठल्या बाजूने? ड्रममधून माल निघाल्यावर थेट गोणीत जातो की मध्ये काही आहे? आणि मालाची घनता किती? पुस्तकातली नको. १० लिटरची बादली काठोकाठ सैल भरा, न ठोकता, आणि वजन करा.

सांधेवाला
फोरमनसाहेब, बादली भरून बघितली. १३ किलो.

घाणा ३०० किलोचा. म्हणजे २० किलोच्या १५ गोण्या. ३०० लिटरचा ड्रम म्हणून ३०० किलो, असंच पहिल्यापासून चाललंय. तोंड एका टोकाला आहे. आधी वाळू, मग सिमेंट-डोलोमाइट, शेवटी पॉलिमर आणि रंग. माल खाली साधारण एक मीटरवरून हॉपरमध्ये (खाली निमुळता होत जाणारा मोठा डबा) पडतो, तिथून गोण्या भरतो.

तिरकस
लिटर बरोबर किलो! औषध परत आणू का?

निवृत्त_फोरमन
हसू नका हो. ही चूक मी किमान पाच ठिकाणी पाहिली आहे, त्यातलं एक ठिकाण मी स्वतः होतो.

हिशेब असा. तुमचा माल लिटरला १.३ किलो. ३०० किलो म्हणजे २३० लिटर. ३०० च्या ड्रममध्ये २३०, म्हणजे ७७ टक्के भरलेला. फिरणाऱ्या भांड्यात मिश्रण होतं ते वरच्या सैल थरात. माल वर चढतो, उतारावरून घरंगळतो, आणि त्या घरंगळण्यात कण एकमेकांत शिरतात. त्या थराखालचा माल ड्रमबरोबर गठ्ठ्याने फिरतो, तिथे काहीही होत नाही. भांडं जितकं जास्त भराल तितका गठ्ठा मोठा आणि उतार आखूड. फिरत्या भांड्यांना ५० ते ६० टक्के भरणं मानवतं. सत्तरच्या पुढे गेलात की मिनिटं वाढवून उपयोग नसतो. तुमचे ४० मिनिटं वाया का गेले ते इथे आहे.

५५ टक्के धरा. १६५ लिटर गुणिले १.३, म्हणजे २१५ किलो. २०० टाका आणि निवांत राहा.

आता वेग. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ४२.३ ला त्याने भागा. हा झाला क्रांतिक वेग, ज्याला माल भिंतीला चिकटून पूर्ण गोल फिरतो आणि पडतच नाही. तुमचा ०.६५ मीटर, वर्गमूळ ०.८०६, उत्तर साडेबावन्न फेरे. तुम्ही ४५ वर नेलंत, म्हणजे ८६ टक्क्यांवर. माल घरंगळायचं सोडून वर चढतोय आणि हवेतून खाली आपटतोय, धूळ उडतेय. जुनी पुली लावा. जमलं तर २८ पेक्षाही खाली, २०-२२ वर या.

सांधेवाला
४५ वर चालवताना आवाज बदलला होता खरा. आधी 'खर्रर्र... खर्रर्र' असा सरकल्याचा आवाज यायचा, मग एकदम थपथप. आम्हाला वाटलं आता मिसळतंय जोरात!

गुरुत्व
वेगबिग ठीक आहे, पण मूळ कारण साधं आहे. आयर्न ऑक्साइडची घनता ५ च्या आसपास, वाळूची २.६५. जड रंग तळाला बसणारच. त्यामुळेच आधी गडद, मग फिकं.

चाळणी
गुरुत्व, ऐकायला पटतं, पण कोरड्या भुकटीत असं होत नाही. हे पाणी नाही, कण तरंगत किंवा बुडत नाहीत. माल वेगळा होतो तो मुख्यतः कणांच्या आकारातल्या फरकामुळे. बारीक कण जाड्यांमधल्या फटींतून गळत खाली जातात आणि जाडे वर राहतात. घनतेचा वाटा त्यामानाने लहान. शिवाय रंगाचे कण एक मायक्रॉनच्याही खालचे, इतके बारीक की ते सुटे राहतच नाहीत. वाळूच्या किंवा सिमेंटच्या कणाला चिकटून त्याच्यासोबत प्रवास करतात. १९७५ साली हर्सी यांनी या प्रकाराला 'ऑर्डर्ड मिक्सिंग' असं नाव दिलं.

मला काळजी दुसरीच आहे. सांधेवाला, रंग थेट पिशवीतून ओतता ना? मग त्यात गुठळ्या असणार. नुसता ड्रम गुठळ्या फोडत नाही, गुठळ्यांना सगळीकडे सारख्या वाटतो. एक चाचणी करा. पांढऱ्या कागदावर चिमूटभर तयार पावडर ठेवा, काचेच्या तुकड्याने दाबून हळूच ओढा. लाल रेघा उमटल्या तर गुठळ्या. रेघा नाहीत पण दोन गोण्यांची छटा वेगळी, तर मिश्रणाचा किंवा नंतर वेगळं होण्याचा प्रश्न. दोन्हींचे उपाय वेगळे.

सांधेवाला
आत्ताच ओढून बघितलं. चार रेघा. एक तर करंगळीएवढी लांब!

चाळणी
मग रंग आधी पाच-सातपट डोलोमाइटमध्ये मिसळा, १०० नंबरच्या चाळणीतून दाबून काढा, आणि हे पूर्वमिश्रण मोठ्या घाण्यात टाका. टाकायचं वाळू आणि सिमेंटच्या मधल्या थरात. शेवटी तोंडाशी ओतलं की तिथेच घुटमळतं.

बरणीवाला
फोरमनकाकांचं पटत नसेल त्यांनी घरी करून बघा. मी मुलीला दाखवायला केलं होतं.

पारदर्शक झाकणाची बरणी, थोडी पांढरी वाळू, थोडी रंगवलेली. पहिल्यांदा बरणी गच्च भरली, खाली पांढरी वर लाल, आणि आडवी करून टेबलावर लोळवली. कडेने जरा हललं, मधला भाग जसाच्या तसा. मग अर्धी रिकामी केली. दहा-बारा फेऱ्यांत गुलाबी.

खरी मजा तिसऱ्या वेळी. अर्धीच बरणी, पण मध्ये पुठ्ठा धरून डावीकडे पांढरी आणि उजवीकडे लाल. पुठ्ठा काढला, आडवी केली, शंभर वेळा लोळवली. मध्यभागी दोन बोटं गुलाबी पट्टा, बाकी डावं पांढरंच आणि उजवं लालच! मुलगी म्हणाली, बाबा तुमची बरणी बिघडली.

निवृत्त_फोरमन
बरणीवाला, दंडवत. आडव्या ड्रमचं मर्म हेच. गोलाकार दिशेने झटपट मिसळतं, लांबीच्या दिशेने रडतखडत. म्हणून ड्रम घ्यायचा तर आस थोडी कलती असलेला, किंवा आत माल आडवा ढकलणारी पाती असलेला घ्यावा. आणि टोकाकडून भरायचं तर प्रत्येक जिन्नस लांबीभर पसरून.

गोळीवाली
आमच्याकडे औषधांच्या गोळ्यांसाठी व्ही ब्लेंडर आहे, त्यातही हेच. एक घटक डाव्या पायात आणि दुसरा उजव्यात भरला तर मधली रेषा ओलांडायला ते फार वेळ घेतात. थरावर थर भरला तर लवकर जुळतं. नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते.

जास्त फिरवणं नेहमी निरुपद्रवी असतं असंही नाही. गोळ्यांच्या मालात मॅग्नेशियम स्टिअरेट (माल साच्याला चिकटू नये म्हणून घालायचं वंगण) सर्वांत शेवटी टाकतात आणि दोन ते पाच मिनिटंच फिरवतात. जास्त फिरवलं तर ते प्रत्येक कणावर पातळ लेप चढवतं, मग गोळी ठिसूळ होते आणि पाण्यात उशिरा विरघळते. एका पाळीत कुणीतरी गप्पांच्या नादात मशीन चालूच ठेवलं, सगळा घाणा फुकट. तेव्हापासून टायमर लावलाय, माणसावर विसंबत नाही.

यंत्रवेडा
अवांतर: ड्रममध्ये मिश्रण वेगळं होऊन लांबीभर पट्टे पडतात, हे ओयामा यांनी १९३९ सालीच नोंदवलं होतं. जाड-बारीक कण लांब ड्रममध्ये भरा, फिरवत बसा, झेब्र्यासारखे पट्टे. मिसळायचं यंत्र वेगळं करायचं काम करतंय!

अतिअवांतर: पॉल शात्झ यांनी १९२९ मध्ये उलटा करता येणारा घन शोधला. त्या हालचालीवर टर्ब्युला नावाचा छोटा मिक्सर चालतो. डबा एकाच वेळी गोल फिरतो, डोलतो आणि उलटतो. बघत बसलं तर चहा गार होतो.

तिरकस
आमच्या ऑफिसात साहेबांचं मत असंच चालतं. गोल फिरतं, डोलतं आणि उलटतं.

भुईसपाट
सगळे ड्रमच्या मागे लागलेत, पण धागाकर्त्याचं एक वाक्य कुणी नीट वाचलेलं दिसत नाही. एक मीटरवरून हॉपरमध्ये पडतो! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

समजा ड्रममध्ये माल उत्तम मिसळला. तो हॉपरमध्ये पडताना शंकूसारखा ढीग होतो. बारीक माल ढिगाच्या मधोमध जिरतो, जाडी वाळू उतारावरून घरंगळून कडेला जाते. हॉपरचा उतार कमी असेल तर खालचं तोंड उघडल्यावर मधला माल विहिरीसारखा आधी उतरतो, कडेचा सर्वांत शेवटी. म्हणून पहिल्या गोण्या बारीक आणि गडद, शेवटच्या जाड्या आणि फिक्या. सांधेवाला, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये 'खरखरीत' हा शब्द लिहिलात तेव्हाच उत्तर दिलं होतं.

एकच प्रश्न. हॉपरला व्हायब्रेटर आहे का?

सांधेवाला
आहे. माल अडकायचा म्हणून बसवला. गोण्या भरेपर्यंत चालूच असतो.

भुईसपाट
मग काय विचारता. बारीक-जाड वेगळं करायला याहून सोपं यंत्र नाही. चाळणीसुद्धा याच्याच जोरावर चालते.

रिबनप्रेमी
म्हणजे रिबन घेतला असता तरी हीच तक्रार आली असती?

भुईसपाट
हो. आणि तुम्हाला शिव्या बसल्या असत्या.

दोन_टाके_कमी
गाडी वेगावरून गेली म्हणून एक सांगतो. ड्रम उघडा फिरत असेल तर आधी जाळी लावा. मी ज्या शेडमध्ये होतो तिथे ड्रमच्या झाकणाची खिट्टी बाहेर आलेली होती. २० फेरे म्हणजे डोळ्याला संथ वाटतं, म्हणून मी फिरत्या ड्रमजवळून वाकून झाडू काढायला गेलो. खिट्टीत बाही अडकली. शर्ट फाटला म्हणून हात राहिला, कोपराजवळ सात टाके. जाळीचं दार उघडलं की मोटर बंद झालीच पाहिजे. आणि ड्रममध्ये हात किंवा डोकं घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. 'मी आहे ना स्विचजवळ' म्हणणारा मित्र चालत नाही.

वाळू सिलिकाची असेल तर तोंडाशी धूळ खेचणारी सक्शनही हवी. ती धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. नुसत्या रुमालाने भागत नाही.

चाळणी
+१. शिवाय ज्यांचा माल जळणारा आहे, म्हणजे रेझिन, ॲल्युमिनियमची पावडर वगैरे, त्यांनी ड्रमला अर्थिंग आहे का तेही बघावं. सिमेंट-वाळू पेटत नाही, पण हा धागा इतरही वाचतील.

सांधेवाला
मंडळी, आठवडाभर गायब होतो, कारण तुमचेच उद्योग करत होतो. वृत्तान्त देतो.

जुनी पुली शोधली, रंगाच्या डब्यांखाली सापडली. मोटरवर त्याहूनही लहान बसवून २२ फेरे केले. घाणा २०० किलो, रंगाचं पूर्वमिश्रण चाळून मधल्या थरात, १० मिनिटं. मग ड्रम थांबवून माल उतरताना धारेखाली डबी आडवी धरत सुरुवातीपासून शेवटपर्यंत दहा नमुने घेतले. दहाच्या दहा काचेने ओढले, एकही रेघ नाही. पाण्यात कालवून टाइलच्या तुकड्यावर शेजारी शेजारी लावले, वाळल्यावर बायकोला विचारलं वेगळा कोणता. तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. तिथे माझा अंगठा लागला होता.

पण तोच माल हॉपरमधून गेल्यावर दहा गोण्यांतली नववी आणि दहावी पुन्हा फिकी! पूर्वीइतकी नाही, पण ओळखू येते. दुसऱ्या घाण्याला व्हायब्रेटर बंद ठेवला आणि ड्रमच्या तोंडाला कापडी बाही लावून ती हॉपरच्या तळापर्यंत सोडली. फरक नजरेला दिसेनासा झाला. भुईसपाट, तुमचे पाय कुठे आहेत?

भुईसपाट
सपाट आहेत, नावातच आहे. बाही कायमची ठेवा, आणि पुढेमागे हॉपरच्या भिंती उभट करून घ्या, म्हणजे सगळा माल एकत्र सरकेल. शक्य असेल तर हॉपरच काढा, ड्रममधून थेट गोणी.

गोळीवाली
नमुने पडत्या धारेतून घेतलेत हे फार छान. बहुतेक जण ड्रम थांबवून वरून मूठभर उचलतात. लांब नळी खुपसून घेतलेला नमुनाही वरचा माल खाली ओढत जातो.

सांधेवाला
आता मूळ प्रश्न तसाच राहिला. घाणा ३०० वरून २०० वर आला, म्हणजे उत्पादन एक तृतीयांशाने घटलं. मोठं मशीन तर लागणारच. काय घेऊ?

रिबनप्रेमी
मी पुन्हा रिबनच म्हणणार, पण या वेळी कारण देऊन. उंची कमी लागते, झाकण उघडून भरता येतं, आणि उद्या थोडं तेल किंवा पाणी फवारायचं झालं तर ड्रममध्ये गोळे होतात, इथे मोडतात.

चाळणी
तुमच्याकडे रंग किती?

सांधेवाला
चौदा. रोज तीन-चार बदलतात.

चाळणी
मग रिबन नको. पट्टी आणि नळकांड्याच्या तळामध्ये काही मिलिमीटरची फट असते, तिथे मागचा रंग राहतो. शाफ्टच्या सीलमध्ये राहतो तो वेगळाच. काळ्यानंतर पांढरा घाणा काढायचा असेल तर अर्धा दिवस पुसण्यात जाईल. डबल कोन आत रिकामा आणि गुळगुळीत, झडप उघडली की जवळपास सगळं उतरतं. तुमचा माल मोकळा वाहणारा आहे, गुठळ्या आधीच चाळून घेताय, मग आत पट्टी हवी कशाला?

रिबनप्रेमी
चौदा रंग आधी सांगायचे ना राव. माघार.

निवृत्त_फोरमन
मीही डबल कोन किंवा कलत्या आसाचा ड्रम म्हणेन. १००० लिटर ५५ टक्के भरलात तर ७१५ किलो, तेवढीच अपेक्षा धरा. विक्रेत्याला विचारा की सांगितलेले लिटर एकूण आहेत की कामाचे. दोघांची भाषा वेगळी असते.

वेग मोठ्या भांड्याला तोच ठेवायचा नाही. व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरवायचा. ६५ सेंटिमीटरला २२, तर एक मीटर व्यासाच्या ड्रमला साधारण १८. मिनिटं नका मोजू, फेरे मोजा. तुमचे १० मिनिटांचे २२० फेरे झाले, मग १८ ला सव्वाबारा मिनिटं. तिथून सुरुवात करा आणि पुन्हा दहा डब्या भरा. डबल कोनाचा आकारच वेगळा, त्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. वेग बनवणाऱ्याकडून घ्या, फेरे डब्या भरून ठरवा.

आणि भरलेलं भांडं सुरू करताना मोटरवर सगळा भार एकदम येतो. हळू सुरू होणारा ड्राइव्ह आणि ब्रेक असलेली मोटर मागा, नाहीतर झडप खाली आणायला दोन माणसं भांड्याला लोंबकळतील.

शेवटचं. डबल कोन टोकावर टोक असा फिरतो. ऑर्डर देण्याआधी तो फिरताना सर्वांत वर कुठे जातो आणि सर्वांत खाली कुठे येतो ते ड्रॉइंगवर बघा. खाली गोणी ठेवायला जागा सोडून छत मोजा.

सांधेवाला
छत मोजलं. भांडं, भरायची जागा आणि खाली गोणी धरून डबल कोनाला वीस सेंटिमीटर कमी पडतात.

तिरकस
सांधे बदला.

निवृत्त_फोरमन
वीससाठी छत फोडू नका. कलत्या आसाच्या पातीवाल्या ड्रमचं ड्रॉइंग मागवा, तो बसेल. पाती उचलून बाहेर काढता येतात का ते आधी विचारा, चौदा रंग आहेत तुमचे.

सांधेवाला
विचारलं. एकाकडे बोल्टने बसवलेली आहेत, दुसऱ्याकडे वेल्डिंग. बोल्टवाल्याच्या शेडमध्ये माझा माल नेऊन चालवून बघायला तो तयार झालाय. परवा काळा आणि लगेच पांढरा असे दोन घाणे घेतो. दहा डब्या आणि काच घेऊन जातोय.